कोंडवाड्यातलं पाखरू

सोनखडकीच्या कोंडवाड्यात रायभानचा मेंढा परवापासून बसून होता. त्याला सोडवायला तीन लहान वाक्यं पुरेशी होती. अडचण एवढीच, की ती वाक्यं रायभानला म्हणायची नव्हती.

शहागडचा हमरस्ता सोडून गोदावरीच्या कडेकडेनं आत आलं, की सोनखडकी लागते. गावात शिरताना उजव्या हाताला कोंडवाडा. चार भिंती, लोखंडी फाटक, आत एक लिंबाचं झाड. छप्पर नाही. दुसऱ्याच्या रानात तोंड घातलेलं जनावर तिथं आणून कोंडायचं आणि मालकानं येऊन सोडवून न्यायचं, हा रिवाज. दंडाची पावती फाटते, पण पावतीचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते फाटकातल्या बोलण्याचं. फाटकाचा आडणा, म्हणजे आडवा दांडा, हातात धरून, दोन माणसांदेखत, मालकानं म्हणायचं असतं, ‘जनावर माझं. चूक माझी. सांभाळीन.’

हे कुणी ठरवलं ते कुणाला सांगता येत नाही. ग्रामपंचायतीच्या एकाही ठरावात ते सापडत नाही. पण पंचायतीचे शिपाई राधेश्याम यांच्या डोक्यात ते असं पक्कं बसलंय, की एक शब्द मागंपुढं झाला तर ते माणसाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात. मागं एका माजी सरपंचानं म्हैस तिथंच ठेवली आणि दुसरी विकत आणली, पण म्हटलं नाही. ती म्हैस पुढं कोंडवाड्यातच व्याली. राधेश्याम तिच्या खरवसाची आठवण अजून काढतात.

तर मेंढ्याचं. मेंढ्याचं नाव नवाब. तो राखीव रानाच्या तारेतून आत शिरला, पोटभर गवत खाल्लं आणि तिथंच बाभळीखाली रवंथ करत बसला. वनरक्षकानं त्याला धरून कोंडवाड्यात घातलं. वनरक्षक कुणी परका असता तर रायभान त्याच संध्याकाळी तीन वाक्यं म्हणून मोकळा झाला असता. पण वनरक्षक होता परमेश्वर, त्याचा सख्खा साडू. रायभानची बायको बायनाबाई ही थोरली, परमेश्वरची बायको प्रेमला ही तिची पाठची बहीण.

सासुरवाडीला दोघं जावई एका सतरंजीवर बसले, की सासूबाई चहा आधी परमेश्वरपुढं ठेवत. तो धाकटा जावई होता, पण त्याच्या खिशाला सरकारी शिट्टी होती. सासूबाई गेल्या, तरी चहाची ती रीत मोडली नाही. आता खुद्द बायनाबाई स्वतःच्या घरात पहिला कप परमेश्वरला द्यायची आणि नवऱ्यानं बघितलं, की म्हणायची, “पाव्हणे हायेत.” इतकी वर्षं रायभान दुसरा कप पीत आला होता. दुसऱ्या कपाला साय येत नाही, आणि हातात येईतो तो निवलेला असतो. असल्या माणसापुढं आडणा धरून ‘चूक माझी’ म्हणणं त्याच्या जिभेवर येईना.

बरं, न म्हणून चालण्यासारखंही नव्हतं. बद्रीनाथ पाटलांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची कबुली त्यानं दिली होती आणि ती उद्यापासून होती. उद्या संध्याकाळी कळप तिथं पोचला नाही तर पाटील दुसऱ्याचा बोलावणार होते, आणि एकदा दुसऱ्याचा कळप बसला, की पुढल्या वर्षीही तोच बसतो. पण नवाब पुढं चालल्याशिवाय मेंढरं जागची उठत नसत. काल त्यानं स्वतः पुढं चालून बघितलं. मेंढरांनी त्याच्याकडं बघितलं आणि खाली बसली.

या विचारात तो सकाळी उजाडताना आपल्या ज्वारीच्या बांधावर आला. ज्वारी हुरड्याला आली होती आणि बांधापलीकडं लागूनच राखीव रान होतं. रानाच्या तोंडाशी वनखात्याचा मोठा फलक आहे, त्यावर माळढोक पक्ष्याचं चित्र आहे. माळढोक त्या रानात कुणी बघितलेला नाही. पण चित्र छान आहे आणि त्याच्यावर दर दोन वर्षांनी नवा रंग बसतो.

आज रानात माणसं होती. बांबूच्या जोड्या जमिनीत रोवल्या होत्या आणि मधे काहीच नव्हतं. मग त्या काहीच नसलेल्या जागेत एक पाखरू उडता उडता थांबलं आणि हवेतच लोंबायला लागलं, तेव्हा रायभानला जाळी दिसली. इतकी बारीक जाळी त्यानं जन्मात बघितली नव्हती. तो तारेच्या भगदाडातून आत गेला. नवाब गेला होता त्याच भगदाडातून.

“या, साडूभाऊ, या,” परमेश्वर म्हणाला. तो गणवेशात होता, शिट्टी खिशाला होती. पाहुणे असले, की तो कागदावर लिहिल्यासारखं बोलायचा. “सदर ठिकाणी आज पक्ष्यांना कडी घालण्याचं काम सुरू आहे. ह्या आकांक्षा मॅडम. जालन्याच्या कॉलेजात शिकवतात.”

बाभळीखाली एक घडीचं टेबल होतं. टेबलापाशी तिशीतली एक बाई बसली होती. तिनं मान वर न करता “नमस्कार काका” म्हटलं, कारण तिच्या हातात पाखरू होतं. तिच्याबरोबर आलेल्या दोन विद्यार्थिनी जाळ्यांपाशी फिरून पाखरं सोडवत होत्या आणि नाडीच्या छोट्या कापडी पिशव्यांत घालून टेबलाशी आणत होत्या. बाभळीच्या फांदीला अशा पिशव्या टांगलेल्या होत्या. एखादी पिशवी मधूनच हलायची.

रायभान उकिडवा बसून बघत राहिला. पाखरू होतं पिवळ्या पोटाचं, काळ्या डोक्याचं, चिमणीहून जरासं थोराड. भारीट त्याचं नाव, असं आकांक्षानं सांगितलं. हिवाळ्याला फार लांबून येतात, डोंगर आणि देश ओलांडून, आणि उन्हाळ्याला परत जातात.

“येतात कशाला?” रायभाननं विचारलं.

“ज्वारी खायला.”

“कुणाची?”

आकांक्षा हसली. तिला तो विनोद वाटला.

तिनं पाखराची मान दोन बोटांत अलगद धरली, पंख पट्टीवर ठेवून मोजला, मग छातीवर हळूच फुंकर मारून पिसं बाजूला केली आणि आत बघितलं.

“चरबी बघते,” ती म्हणाली. “किती साठवलीय, त्यावरून कळतं परतीच्या प्रवासाला तयार आहे का.”

रायभानला हे पटलं. बाजारात मेंढरू घेताना तोही पाठीवर अंगठा दाबून हेच बघायचा. फुंकर मात्र मारत नसे.

मग तिनं तारेत ओवलेल्या माळेतून एक बारीक ॲल्युमिनियमची कडी काढली, पाखराच्या पायाभोवती ठेवली आणि छोट्या पक्कडीनं दाबून बंद केली. कडीवर आकडे होते. पाखरू तळहातावर ठेवून तिनं हात उघडला. ते क्षणभर तसंच बसलं आणि मग भुर्रकन गेलं. कुठं गेलं, ते रायभाननं मान वळवून बघितलं. ते त्याच्या ज्वारीत गेलं.

“ही खूण काहून घालायची?” त्यानं परमेश्वरला विचारलं.

परमेश्वरला असा प्रश्न कधीपासून हवा होता. दोन्ही विद्यार्थिनी ऐकत होत्या. “म्हणजे असं, की आता हा पक्षी आपला. हे पक्षी आमच्या रानातले, हे कायमचं ठरलं. उद्या ते कुठंही जाऊ द्या, कुठल्याही मुलखात सापडू द्या, बघणाऱ्याला कळणार, की परमेश्वर वनरक्षकाच्या रानातला पक्षी आहे.”

“परमेश्वरदादा, तसं अगदी नाही...” आकांक्षा म्हणाली, पण तेवढ्यात पिशवी आली.

रायभाननं आपल्या ज्वारीकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, “म्हंजी तुमचं पाखरू.”

“आमचं.”

“कुठंबी सापडलं तरी?”

“कुठंही.”

“बिलकुल?”

“बिलकुल,” परमेश्वर म्हणाला. “खूण म्हणजे खूण, साडूभाऊ. मेंढरावर घालता तशीच.”

“बराबर हाये,” रायभान म्हणाला आणि उठला. इतक्या वर्षांत साडूचं बोलणं त्याला असं पटलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं कोंबड्या झाकायचं डालं उचललं. एक बोरूची काडी घेतली, सुतळीचा गुंडा घेतला. बायनाबाई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, “कोंबडी कुठं पळाली का?”

“सरकारी पाखरू धरायला चाललो.”

“न्याहारी करून जा,” ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती असल्या गोष्टींची चौकशी करत नसे. पण थोड्या वेळानं तिला राहवेना, म्हणून ती भाकरी घेऊन रानात आली, तर नवरा बांधाआड पालथा पडलेला. दहा हातांवर डालं काडीवर तिरपं टेकवलेलं, खाली हुरड्याची दोन कणसं, आणि काडीला बांधलेली सुतळी त्याच्या मुठीत.

“लहानपणी होले धरायचो असेच,” तो कुजबुजला. “खाली बस. पाखरं बुजतेत.”

“वय काय, करून काय राह्यलात?”

“साडूचं जनावर धरून राह्यलो.”

त्यानं सगळं सांगितलं. बायनाबाईनं पदर तोंडावर धरला. हसत होती की कपाळाला हात लावत होती, ते रायभानला पालथं पडून दिसलं नाही.

पाखरं आली. रायभाननं सुतळी ओढली. पहिल्या खेपेला डाल्यात बिनकडीचं भारीट निघालं. त्यानं डालं उचललं. “खूण न्हाई. बेवारस हायेस. जा.” दुसऱ्या खेपेला साधी चिमणी. तिसऱ्या खेपेला बायनाबाईची कोंबडी, घरून मागं मागं आलेली. ऊन चढलं. भाकरी खाऊन झाली. बायनाबाई आता स्वतःच सुतळी धरून बसली होती, कारण तिच्या मते त्याला ओढायची वेळ साधत नव्हती.

तिनं ओढली आणि डाल्यात चमकलं.

पायात कडी होती. रायभाननं पाखरू सकाळी बघितलं होतं तसं धरलं, मान दोन बोटांत, आणि छातीवर फुंकर मारायचा मोह आवरला. “तुझा कमरेचा कसा दे,” तो म्हणाला. बायनाबाईनं कमरेचा कापडी कसा काढला, त्यातली सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी ओटीत ओतली, कसा उलटा करून झटकला आणि दिला. आकांक्षाच्या पिशव्यांत आणि या कशात फरक असलाच तर वासाचा होता.

“कोंडायला निघालात खरं,” ती म्हणाली, “पण एवढासा जीव हाये. जल्दी करा.”

राधेश्याम कोंडवाड्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या पारावर दोघंतिघं होते, ते नेहमीच असतात. रायभाननं कसा पुढं धरला आणि तक्रार सांगितली.

राधेश्याम यांनी ऐकून घेतलं. ते कुठल्याही गोष्टीला हसत नसत. त्यांचं म्हणणं, हसलं की माणसं नियमाला चिकटून राहत नाहीत.

“पीक खाल्लं?”

“हुरडा खाताना धरलं.”

“खूण हाये?”

“पायात हाये.”

“मालक ठाऊक?”

“त्यानं सोता सांगितलं. साक्षीला जालन्याच्या बाई हायेत.”

“पाखरू हे जनावर हाये का, हा प्रश्न येतो,” राधेश्याम म्हणाले आणि बराच वेळ लिंबाकडं बघत बसले. “पण गोगलगाय सोडून सगळं आत घेतलेलं हाये आजवर. आत घे.”

छप्पर नसल्यानं पाखरू डाल्याखालीच ठेवावं लागलं. डालं लिंबाच्या बुडाशी, पंचायतीच्या बिघडलेल्या घंटागाडीच्या सावलीत मांडलं. रायभाननं आत दाणे टाकले, वाटीत पाणी ठेवलं. नवाब उठून आला आणि डाल्याच्या भोकातून जीभ घालून जमतील तेवढे दाणे त्यानं खाल्ले. दोन दिवस त्याला पंचायतीचा वाळला कडबा मिळत होता.

राधेश्याम यांनी फोन लावला. “साहेब, तुमचं जनावर कोंडवाड्यात आलंय. सोडवून न्यावं.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं. “कडी हाये,” राधेश्याम म्हणाले. “न्हाई, मेंढा न्हाई. मेंढा वेगळा.”

परमेश्वर मोटारसायकलवर आला आणि मागं आकांक्षा बसून आली. तिनं उतरल्या उतरल्या डाल्यापाशी जाऊन वाकून बघितलं. परमेश्वर फाटकातच थांबला.

“पक्षी धरणं हा गुन्हा आहे, साडूभाऊ. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.”

“मंग सकाळपून तुमी काय करून राह्यले?”

“आम्ही रीतसर परवानगी काढलेली आहे.”

“मीबी काढली. रान माझं, परवानगी मीच देतो. मीच घेतली.”

पारावरचे खाली उतरून फाटकाशी आले. दोन माणसांदेखत म्हणायचं असतं, त्यामुळं साक्षीदारांची तिथं कधी वाण पडत नाही.

“हे बघा,” परमेश्वर म्हणाला, “हा पक्षी काही माझा नाही. वन्यजीव आहे तो.”

रायभाननं आकांक्षाकडं बघितलं. “बाई, सकाळी हे काय म्हणाले? आमचं, म्हणाले का न्हाई? कुठंबी सापडलं तरी आमचं. बिलकुल, म्हणाले.”

आकांक्षाला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं होकाराची मान हलवली आणि परमेश्वरचे कान लाल झाले. पाखरू माझं नाही म्हणावं तर सकाळचं बोलणं खोटं, माझं म्हणावं तर आडणा धरायचा. त्यानं दोन्ही टाळलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

“काय म्हणायचं असतं?” आकांक्षानं राधेश्याम यांना विचारलं. त्यांनी तिन्ही वाक्यं सांगितली. तिनं फाटकाशी येऊन आडणा धरला आणि एका दमात म्हणाली, “जनावर माझं. चूक माझी. सांभाळीन. सोडू आता?”

रायभान तिच्याकडं बघत राहिला. दोन दिवस त्याच्या घशात अडकलेलं हिनं घोटभर पाण्यासारखं पिऊन टाकलं होतं.

“बाई, तसं चालत न्हाई,” राधेश्याम म्हणाले. “मालकानं म्हणावं लागतं.”

“पण कडी मीच घातलीय.”

“खूण घालणारा मालक नसतो. मेंढरं कातरायला कातरणारे येतेत, खुणा ते घालतेत. मेंढरं त्यांची होत न्हाईत.”

आकांक्षानं आडणा सोडला. ती पुन्हा डाल्यापाशी गेली. “काका,” ती रायभानला हळू म्हणाली, “हे फार वेळ राहायचं नाही असं. एवढ्याशा पक्ष्याला पोटात फार काही साठवता येत नाही, आणि घाबरलं की दाणे टिपत नाही.”

रायभान डाल्यापाशी उकिडवा बसला. नवाबनं त्याच्या खांद्याला नाक लावलं. पाखरू एका कोपऱ्यात पिसं फुगवून बसलं होतं. मघाशी बोटांत धरलं तेव्हा त्याचं काळीज बोटांना लागत होतं, आता त्याचे डोळे मिटत होते. दाण्यांना तोंड लावलेलं नव्हतं. खाणं सोडलेलं जनावर रायभाननं पुष्कळ बघितलं होतं. त्याला सांगायला कुणी लागत नव्हतं.

त्यानं फाटकाकडं बघितलं. परमेश्वरनं एका हातानं आडणा धरला होता. ओठ हलले. “जनावर...” एवढं आलं आणि थांबलं. परमेश्वरच्या घशात काय अडकलंय, ते त्या कोंडवाड्यात फक्त रायभानला बराबर ठाऊक होतं. आणखी थोडं थांबलं असतं तर कदाचित निघालंही असतं. सासुरवाडीच्या सगळ्या दुसऱ्या कपांचा हिशेब तिथं फिटण्यासारखा होता.

पण एवढंसं पाखरू. त्याला साडू नव्हता, सासुरवाडी नव्हती.

रायभाननं डालं उचललं.

पाखरू हललं नाही. आकांक्षानं हातानं सगळ्यांना गप्प केलं. नवाबला तेवढ्यात शिंक आली. त्या शिंकेसरशी पाखरू उठलं, घंटागाडीच्या टपावर बसलं, तिथून लिंबावर गेलं. तिथं त्यानं पिसं झाडली, दोनदा चोच फांदीला घासली, आणि भिंतीवरून सरळ उडालं. दिशा ज्वारीचीच होती.

“ठीक आहे ते,” आकांक्षा म्हणाली.

राधेश्याम खुर्चीतून उठले होते. “रायभान, मालकाच्या तोंडून शब्द निघायच्या आधी जनावर सोडलंस. आजवर असं झालेलं न्हाई.”

“मंग मला कोंडा.”

राधेश्याम यांनी त्यावर विचार केला. “तुझ्यावर खूण कुठं हाये,” ते म्हणाले आणि बसले.

झालं. पाखरू गेलं, सुतळी वाया गेली, आणि मेंढा होता तिथंच होता. रायभाननं कसा झटकून खांद्यावर टाकला. उद्या संध्याकाळी पाटलांच्या रानात दुसऱ्याची मेंढरं बसणार, हे आता ठरल्यासारखं होतं. तो नवाबकडं न बघता फाटकाकडं चालायला लागला.

परमेश्वर फाटकातून हलत नव्हता. आडणा अजून त्याच्या हातातच होता.

“मेंढा सोडा,” तो राधेश्याम यांना म्हणाला.

“मालक बोलला न्हाई.”

“बोलतो की.” परमेश्वरनं घसा साफ केला. पाहुण्यांपुढचं लिहिल्यासारखं बोलणं कुठं गेलं कोण जाणे. “जनावर माझं. चूक माझी. सांभाळीन.”

पारावरचे एकमेकांकडं बघायला लागले.

“साहेब, मेंढ्याच्या कानाला रायभानची खूण हाये,” राधेश्याम म्हणाले. “मागच्या पुठ्ठ्यावर तांबडा रंगबी त्याचाच.”

“खूण घालणारा मालक नसतो. तुमीच आत्ता म्हणालात. बाईंना.”

राधेश्याम नियमाचे माणूस होते. त्यांनी तो नियम मनातल्या मनात उलटा केला, सुलटा केला, दोन्हीकडून तो तसाच होता. मग त्यांनी रायभानला विचारलं, “मेंढा ह्यांचा हाये का?”

नाही म्हटलं तर मेंढा आत. हो म्हटलं तर मेंढा साडूचा. रायभाननं लिंबाकडं बघितलं. पाखरू बसलं होतं ती फांदी कोणती, ते तो शोधत राहिला. राधेश्याम यांनी पुरेसा वेळ थांबून बघितलं आणि फाटक उघडलं.

मेंढा सोडवणं सोपं होतं, नेणं अवघड. परमेश्वरनं नवाबच्या गळ्यातलं दावं धरलं आणि ओढलं. नवाब फाटकाबाहेर चार पावलं आला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. परमेश्वरनं पुढून ओढलं, मागून ढकललं. शिट्टी वाजवून बघितली. शहागडकडून आलेला उसाचा ट्रॅक्टर थांबला, त्याच्यामागं जीप थांबली. जीपवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, “मेंढा कुणाचा हाये?”

“माझा,” परमेश्वर म्हणाला. त्याला आता तेच म्हणावं लागत होतं.

“मंग उठवा की.”

रायभान कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून हे बघत होता. त्यानं तंबाखूसाठी कशात हात घातला, तर कसा रिकामा. थोडा वेळ त्यानं साडूला ओढू दिलं, नाही असं नाही. मग जीभ टाळ्याला लावून त्यानं एकदाच “र्रर्र हो” केलं. नवाब उठला, अंग झाडलं आणि परमेश्वरला दाव्यासकट मागं ओढत घराच्या वाटेला लागला.

घरी मेंढरांनी त्याला बघून माना वर केल्या आणि एकेक करून सगळी उभी राहिली. बायनाबाईनं ते बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, घामाघूम बहिणीच्या नवऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, “कोण म्हणालं?”

“हे म्हणाले,” रायभान म्हणाला.

“मेंढ्यासाठी?”

“मेंढा त्यांचा झाला आता. दोन माणसांदेखत.”

बायनाबाई आत गेली. दोघं साडू ओसरीवर बसले. आकांक्षा मागून चालत आली आणि बाजेवर बसून तिनं फक्त पाणी मागितलं, चहा ती घेत नव्हती. परमेश्वर म्हणाला, “तारेचं भगदाड बुजवायला पायजे.” रायभान म्हणाला, “पायजे की.”

बायनाबाई दोन कप घेऊन आली आणि पहिला कप तिनं रायभानपुढं ठेवला.

रायभाननं कपाकडं बघितलं. वर साय होती. सवयीनं त्यानं तो साडूकडं सरकवला, तर बायनाबाईनं परत इकडं सरकवला.

“पाव्हणे हायेत की,” तो म्हणाला.

“आता कशाचे पाव्हणे? त्यांचा मेंढा हाये आपल्या दारात. घरचेच झाले.” तिनं दुसरा कप परमेश्वरच्या हातात दिला. मग ती ओसरीच्या टोकाशी जाऊन, डोळ्यांवर हात धरून रानाकडं बघत म्हणाली, “अन् ऐका, तुमची पाखरंबी आलीत ज्वारीत. पुष्कळ हायेत.”

परमेश्वरनं आकांक्षाकडं बघितलं. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्यानं आपल्या कपाकडं बघितलं. मग तो उठला, टोपी नीट केली, कप हातात घेऊनच बांधापर्यंत गेला आणि दुसरा हात वर करून पिकाच्या राखणदारासारखा ओरडायला लागला, “हाऽ हाऽ हाऽऽ.”

पाखरं ज्वारीवरून उठली, राखीव रानावर एक चक्कर मारली आणि परत ज्वारीत बसली. तो पुन्हा ओरडला.

रायभाननं चहाचा घोट घेतला. गरम होता. त्याची जीभ भाजली, कारण एवढा गरम प्यायची तिला सवय नव्हती.